रिकाम्या डब्याचे आभार

कुसुमताईंचा विश्वास फक्त आवाजावर होता. सगळी नोकरी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून काढली, त्याला दुसरं काय होणार? 'तब्येत ठीक आहे' म्हणणाऱ्याची तब्येत ठीक नसते, 'लवकरच येतो' म्हणणारा येणार नसतो आणि 'सहज फोन केला' म्हणणाऱ्याने तर सहज म्हणून कधीच केलेला नसतो, हे त्यांना लाइन जोडता जोडता कळत गेलं. पुढे गल्लोगल्ली एसटीडीची पिवळी दुकानं निघाली, लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले आणि खात्याने ताईंना शाल-नारळ देऊन घरी बसवलं. नोकरी गेली, कान राहिला. बरकतपुऱ्यातल्या आम्हा शेजाऱ्यांना त्याचा पुरेपूर अनुभव आहे. त्यांच्याशी साधं हवापाण्याचं बोलतानाही आम्ही आवाज सांभाळतो.

अशा बाईच्या घरी लेखी आभार यायला लागले, तेव्हा पुढचं सगळं होणारच होतं.

हे आभार आले ते त्रिवेणीच्या सासरहून. त्रिवेणी ही ताईंची भाची. तिचे वडील, म्हणजे ताईंचे भाऊ प्रतापराव, यांचं बेगम बाजारात भांड्यांचं दुकान होतं. आई ती लहान असतानाच गेली. ताईंनी लग्न केलं नव्हतं, म्हणून पोर त्यांच्याच घरी, त्यांच्याच हाताखाली वाढली. लग्नाच्या आदल्या वर्षी प्रतापरावही गेले, तेव्हा त्रिवेणीचं माहेर म्हणजे आत्या आणि आत्या म्हणजे बरकतपुऱ्याचं ते तीन खोल्यांचं घर, एवढंच उरलं. पोरगी अमीरपेटला कॉम्प्युटर शिकली, नोकरीला लागली आणि तिथेच तिला पुण्याचा आदित्य भेटला. मुलगा बरा होता. त्याचे आईवडील, सुरेशराव आणि रंजनाबाई, पुण्याचं घर बंद करून त्याच्याजवळ राहायला आले होते, माधापूरच्या बाजूला निघालेल्या नव्या फ्लॅटमध्ये. खडक फोडून जिथे तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तिकडे.

लग्न झालं आणि महिन्याभरात कार्डं आली.

आमच्याकडे, म्हणजे निजामाच्या काळात गावाकडची शेती भावकीत सोडून हैदराबादेत आलेल्या मराठी घरांत, आहेराचे आभार कुणी मानत नाही. दिलेलं घ्यायचं, नावं ठेवायची असतील तर पाठीमागे ठेवायची आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की आपणही काहीतरी घेऊन जायचं. आभार मानले म्हणजे विषय संपला. आणि विषय संपवायचा असतो तो परक्याशी. रंजनाबाईंनी तर आबिड्सच्या कार्डांच्या दुकानातून गुलाबाची चित्रं असलेली पाकिटं आणून, आहेर देणाऱ्या झाडून सगळ्यांना पोस्टाने आभार पाठवले. अक्षर त्रिवेणीचं. मजकूर मात्र तिचा नव्हता.

शेजारचे तेलुगू अप्पाराव आपलं कार्ड घेऊन ताईंकडे आले. त्यांनी लग्नात भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

"कुसुमम्मा, जरा पढके बताओ ना. क्या लिखे उनो?"

ताईंनी वाचलं. 'आपण दिलेल्या सुंदर भेटवस्तूबद्दल मनःपूर्वक आभार. आपला स्नेह असाच राहो.' अप्पारावांनी ते कार्ड टीव्हीच्या शोकेसमध्ये, नातवाच्या फोटोशेजारी उभं करून ठेवलं. ताईंनी आपलं कार्ड काढून पाहिलं. त्यांनी पोरीला स्वतःच्या हातातल्या पाटल्या मोडून नव्या घडवून दिल्या होत्या. कार्डात होतं, 'आपण दिलेल्या सुंदर भेटवस्तूबद्दल.' सुलतान बाजारात त्यांची चुलतबहीण उषा राहते, तिच्याकडेही चौकशी झाली. तिने चादरी दिल्या होत्या. तिलाही सुंदर भेटवस्तूच.

"घड्याळ काय, पाटल्या काय, चादरी काय," ताई उषाला म्हणाल्या. "उघडून बघतात तरी का, की तसंच लिहून मोकळे होतात?"

"असू दे की गं. लिहिलं तर लिहिलं. कायको परेशान होती?"

पण ताईंच्या कानात काहीतरी खरखरलं होतं, आणि लाइनवर खरखर असली की त्या कधी गप्प बसल्या नव्हत्या. त्रिवेणी जन्मात कधी 'मनःपूर्वक' म्हणाली नव्हती. या घरात ती 'आत्या, भूक लई लागली' म्हणत वाढली. तिच्या हाताने कुणीतरी दुसरंच बोलत होतं. आणि ज्या घरात सून स्वतःच्या आत्याला स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहू शकत नाही, त्या घरात आणखी काय काय बंद असेल?

मग डब्याचं सुरू झालं. प्रतापरावांनी आपल्या दुकानातून बहिणीला एक कडीचा स्टीलचा डबा दिला होता, झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी 'कुसुम' असं कोरलेला. त्या डब्यातून ताई त्रिवेणीला शेंगदाण्याचे लाडू पाठवत. आदित्य शनिवारी स्कूटरवरून येई, डबा घेऊन जाई आणि पुढच्या शनिवारी परत आणून देई. डबा लख्ख घासलेला असे, पुसलेला असे आणि झाकणाला रिबिनीने कार्ड बांधलेलं असे. 'चविष्ट लाडवांबद्दल मनःपूर्वक आभार.' आत काही नसे.

आता आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी टाकतात. रिकामं भांडं पाठवलं म्हणजे यापुढे येणं-जाणं नको, असं समजायचं. ताई पहिल्यांदा सरळ रंजनाबाईंनाच फोनवर बोलल्या.

"अहो, पण आम्ही कार्ड पाठवतो ना," रंजनाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पद्धतच आहे हो. पोच द्यायची. नाहीतर समोरच्याला वाटतं, मिळालं की नाही."

"पोच पार्सलाची देतात, रंजनाबाई."

"तुम्ही म्हणजे ना, कुसुमताई," असं म्हणून रंजनाबाई हसल्या. ते हसणं ताईंनी नीट ऐकलं. ते गोड होतं, आणि गोड आवाजावर तर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता.

खरं सांगायचं तर ताईंना लाडवांचं काही नव्हतं आणि साखरेचंही नव्हतं. त्यांना भीती होती ती एकच. पोरगी हातची चालली, ही. तिचं पहिलं बाळंतपण बरकतपुऱ्यात, आपल्या घरी व्हावं, एवढ्यासाठी त्यांनी मागची खोली रंगवून घेतली होती, आणि तेव्हा तर त्रिवेणीच्या लग्नाची हळदही नीट उतरली नव्हती. जायच्या दिवशी तिला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं होतं, "बाकी सगळं विसर, पण वेलदोड्याची साखर विसरू नको." ही त्यांच्या घरची जुनी रीत. लेकीला दिवस गेले की ती तोंडाने सांगत नाही. माहेरचं जे भांडं तिच्याकडे असेल त्यात मूठभर साखर आणि वर वेलदोडे घालून पाठवते. माहेरची बाई ती साखर तोंडात टाकते आणि मग पहिला शब्द बोलते. त्याआधी कुणी कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही.

तर ताईंनी सापळा लावला.

त्या सुलतान बाजारात गेल्या आणि चकचकीत लाल कागद आणि सोनेरी फीत घेऊन आल्या. तेव्हा नुकतीच गिफ्ट पॅकिंगची टूम निघाली होती. तोच डबा त्यांनी घेतला, घासला, पुसला, आणि त्यात काहीही न भरता झाकण लावलं. कडी अडकवली. वर कागद, वर फीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरातून भांडं रिकामं बाहेर जाणार होतं. पण शनिवारी आदित्य आला तेव्हा त्यांनी डबा कापडी पिशवीत घालून त्याच्या हातात दिला.

"अरे वा आत्या, आज एकदम गिफ्ट?"

"हौ. त्रिवेणीला दे. म्हणावं, आत्याने खास पाठवलंय."

उघडला तर फोन येणार. 'आत्या, हे काय, डबा रिकामाच?' नाही उघडला तर कार्ड येणार. ताई आठवडाभर फोनशेजारी बसून राहिल्या. फोन आला नाही.

शनिवारी आदित्य डबा घेऊन आला, झाकणावर कार्ड बांधलेलं. ताईंनी दारातच ते ओढून काढलं आणि वाचलं. 'आत्या, तुझा डबा मिळाला. लाडू सगळ्यांना फार आवडले. तब्येतीला जप.'

लाडू आवडले. ताईंना त्या क्षणी जो आनंद झाला, तो चोर पकडणाऱ्या हवालदाराला होतो तसला.

"आत्या, डबा," आदित्य हसत म्हणाला. तो काहीतरी दाबून ठेवल्यासारखा हसत होता आणि ते ताईंच्या नजरेतून सुटलं नाही. "बघा तरी उघडून."

"त्यात काय बघायचंय? वर ठेव. त्या फळीवर. तुझा हात पोचतो."

"पण आत्या..."

"ठेव म्हटलं ना."

त्याने डबा ठेवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्रिवेणीचा फोन आला.

"आत्या, डबा पोचला ना?"

"पोचला."

"मग?"

"मग काय? कार्ड पण पोचलं."

मग त्रिवेणीने हळूच विचारलं, "आत्या, तू बरी आहेस ना?" त्या आवाजात काहीतरी दडवलेलं होतं. ताईंचा कान फसत नाही. पोरगी काहीतरी लपवत होती. सापडली म्हणून घाबरली असणार, असं त्यांनी ठरवलं आणि "कामात आहे" म्हणून फोन ठेवून दिला.

डबा त्यांनी फळीवरून काढला नाही. तो पुरावा होता आणि पुराव्याला हात लावायचा नसतो. रोज स्वयंपाक करताना त्यांची नजर वर जायची आणि रोज त्या मनाशी म्हणायच्या, लाडू आवडले म्हणे.

पुढे गोष्टी आणखीच संशयास्पद होत गेल्या. नवरा-बायको दोघं आता आठवड्याला दोनदा यायला लागले. आले की त्रिवेणी स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण बघे. बोलता बोलता आदित्य विचारी, "आत्या, आज वार कोणता हो?" नोकरी करणाऱ्या माणसाला वार माहीत नाही? एकदा त्रिवेणी म्हणाली, "आत्या, आदित्यच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. नुसतं चेकअप करून येऊ. डोक्याचं, म्हणजे, सगळंच."

"माझ्या डोक्याला काय झालंय?"

"काही नाही गं. आजकाल सगळेच करतात."

ताईंनी त्या रात्रीचं जेवण केलं नाही. बरकतपुऱ्यात तेव्हा जुनी घरं पाडून अपार्टमेंट उठत होते. अप्पारावांच्या पलीकडचं घर बिल्डरने घेतलं होतं आणि दुसऱ्या एका बिल्डरचा माणूस ताईंच्या दारात दोनदा येऊन गेला होता. बाई वेडी आहे असा डॉक्टरचा कागद झाला की घर विकायला सही कुणाची लागते? ताईंनी दोन आणि दोन जोडले. ते चार झाले नाहीत, चाळीस झाले.

"अप्पाराव, मी वेड्यासारखं काही बोलते का हो?" त्यांनी कुंपणावरून विचारलं.

"नै अम्मा," अप्पाराव म्हणाले, पण जरा विचार करून म्हणाले. त्यांच्याशीही ताई चार दिवस बोलल्या नाहीत.

आणि मग उषाचा फोन आला. "कुसुम, अभिनंदन गं. आजी होणार तू."

ताईंना काही कळेना.

"म्हणजे तुला माहीत नाही? त्रिवेणीला चौथा लागला. तुला साखर आली नाही?"

"आली की," ताई म्हणाल्या. "कधीच आली."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजातलं खोटं पकडणारी ही बाई, आणि तिचा स्वतःचा आवाज त्या वेळी इतका सरळ निघाला की उषालाही शंका आली नाही. फोन ठेवून त्या मागच्या रंगवलेल्या खोलीत जाऊन बसल्या आणि पदराने तोंड दाबून रडल्या. साखर आली नव्हती. सगळ्या गावाला माहीत होतं आणि आत्याला नव्हतं. आभार मात्र वेळच्या वेळी येत होते.

ताई त्रिवेणीच्या डोहाळजेवणाला जाणार नव्हत्या. पण रंजनाबाईंनी स्वतः येऊन आमंत्रण दिलं आणि जाताना म्हणाल्या, "तुम्ही आलात तर तिला फार बरं वाटेल. तिला तुमचीच काळजी लागून राहिलीय." माझी काळजी? ताईंनी हिरवी साडी घेतली, कागदात बांधली आणि गेल्या. सगळ्यांसमोर बोलायचं, हे ठरवूनच गेल्या.

फ्लॅट बायकांनी भरला होता. पुण्याच्या दोन नणंदा आल्या होत्या, बिल्डिंगमधल्या बायका होत्या आणि उषाही होती. त्रिवेणी मोगऱ्याच्या फुलांचे दागिने घालून चौरंगावर बसली होती. आत्याला बघून तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला आणि लगेच विझला. ताईंनी दोन्ही पाहिलं.

ओटी भरून झाली तेव्हा एका नणंदेने विचारलं, "मग बाळंतपणाला बरकतपुऱ्याला ना? माहेरी?"

"नाही, पुण्याला नेणार आहे," रंजनाबाई म्हणाल्या. "तिकिटं काढलीत. माझी बहीण आहे तिथे, डॉक्टर ओळखीचे आहेत. तसंच बरं." आणि घाईघाईने ताईंच्या हातातलं पुडकं घेत, ते न उघडताच म्हणाल्या, "किती सुंदर साडी आणलीत, कुसुमताई. मनापासून आभार हं."

"उघडा आधी," ताई म्हणाल्या.

रंजनाबाई पुडकं बाजूला ठेवायला वळल्या.

"उघडा म्हणते. कागदाला कसले आभार मानता? त्यात काय आहे ते तरी बघा. चिंध्या बांधून आणल्या असतील मी. मागे मी तुम्हाला डबा पाठवला, लाल कागदात. त्यात काही नव्हतं. काही म्हणजे काही नव्हतं, रंजनाबाई. रिकामा होता. आणि तुमच्या घरातून मला लिहून आलं, लाडू सगळ्यांना फार आवडले." त्या त्रिवेणीकडे वळल्या. "हे तुझं अक्षर आहे ना गं? कोणते लाडू खाल्लेस तू?"

रंजनाबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं. त्रिवेणीने हाताने त्यांना थांबवलं.

"मला माहीत आहे, आत्या," ती म्हणाली. "डबा मीच उघडला."

ताईंनी तो आवाज ऐकला. त्यात खरखर नव्हती.

"कागद काढला, झाकण काढलं. या आई इथेच होत्या. आत काहीच नव्हतं. मला वाटलं, तू भरायची विसरलीस. तू, आत्या. रिकामं भांडं कधी दाराबाहेर काढलं नाहीस तू. मग विसरल्याशिवाय कशी पाठवशील?"

"मग ते कार्ड?"

"काय लिहू? डबा रिकामा आला म्हणून लिहू? तुला किती लाज वाटली असती. म्हणून लिहिलं, लाडू आवडले."

"त्या दिवशी जेवली नाही ती," रंजनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणाली, आत्याचं काहीतरी बिघडलंय."

"म्हणून डॉक्टरकडे चल म्हटलं," त्रिवेणी सांगत होती. "म्हणून गॅस बघत होते. त्याआधी, साखर पाठवली तेव्हा, मला आशा होती. साखर बघून तुला सगळं आठवेल, असं वाटलं. मी दिवसभर थांबले आणि मग फोन केला. तू म्हणालीस, डबा पोचला. बस्स. त्याच्यापुढे एक शब्द नाही. तेव्हा मी म्हटलं, संपलं. वेलदोड्याची साखर म्हणजे काय हेही हिच्या डोक्यातून गेलं. हिच्या हातात बाळ कसं द्यायचं? पुण्याचं मी ठरवलं, आत्या. आईंनी नाही."

"कुठली साखर?" ताई म्हणाल्या.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. उषाने तोंडावर हात ठेवला. "कधीच आली म्हणालीस की गं मला," ती पुटपुटली. त्या सगळ्यांच्या नजरेत जी कीव उतरली ती ताईंना सहन झाली नाही. एकच शब्द बोलल्या असत्या, 'विसरले' असा, तर सगळं तिथेच मिटलं असतं. सगळ्यांनी त्यांना सांभाळून घेतलं असतं. पण त्रिवेणीचे डोळे भीतीने इतके मोठे झाले होते की तो शब्द त्यांच्या तोंडातून निघेना.

"मी काही विसरले नाही," त्या म्हणाल्या. "रिकामा डबा मुद्दाम पाठवला होता. बघायला."

"काय बघायला?"

"तुम्ही उघडता का ते. आणि तो परत आला तो मी उघडलाच नाही. फळीवर आहे अजून, तसाच."

त्रिवेणी त्यांच्याकडे बघत राहिली. फुलांचा बाजूबंद सुटून खाली लोंबत होता, तो तिने सावरला नाही.

"तू विसरली असतीस तर बरं झालं असतं, आत्या," ती म्हणाली.

ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर ताईंनी उलट उत्तर दिलं असतं. पलीकडच्याने रिसीव्हर ठेवून दिल्यावर लाइनवर जे उरतं, तसा तिचा आवाज होता. ताई उठल्या, चपला घातल्या आणि कुणी थांबवायच्या आत खाली उतरून रिक्षात बसल्या.

घरी आल्या तेव्हा दिवेलागण व्हायची होती. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि डबा खाली घेतला. झाकण घट्ट बसलं होतं. पदराने धरून ते काढलं, तशी आधी वेलदोड्याचा वास आला आणि मग साखर दिसली. दमट हवेने तिचा खडा झाला होता. वर हिरवे वेलदोडे, पांढरे पडत चाललेले. कार्ड नव्हतं. आभार नव्हते. आत त्रिवेणीने स्वतःच्या हाताने जे पाठवलं होतं त्यात एकही परका शब्द नव्हता, आणि ते रोज त्यांच्या डोक्यावर, फळीवर होतं.

त्यांनी खडा फोडून तुकडा तोंडात टाकला, बाकीची साखर देवापुढे काढून ठेवली. मग फोनशी जाऊन नंबर फिरवला.

"हॅलो," त्रिवेणीच बोलली.

"डबा पोचला," कुसुमताई म्हणाल्या.

पलीकडे बायकांचे आवाज येत होते, भांडी वाजत होती. मग दार लावल्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

"उघडलास?"

"उघडला. साखर खाल्ली. चुकलं माझं, पोरी."

पुण्याच्या तिकिटांचा विषय त्रिवेणीने काढला नाही आणि विचारायचा धीर ताईंना झाला नाही.

"आत्या, डबा आता रिकामा आहे?"

"हौ. साखर देवापुढे काढून ठेवली."

"मग उद्या भरून आण. आदित्यकडे देऊ नको. तू स्वतः आण." ती थांबली. "आणि मी तुझ्यासमोर उघडून बघणार आहे."

ती हसली की रडली, की अजून रागावलेली होती? ताईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून धरला, श्वासही रोखला, पण त्यांना काही कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आवाजावरून काही कळलं नाही. फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि शेंगदाणे भाजायला घेतले.